सूर्य-पृथ्वी-चंद्राचं हातानं फिरवायचं मॉडेल: चार महिन्यांचा अनुभव

७ सप्टेंबर २०२५, रविवार. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावावर ढग येत-जात होते, तरी अकराच्या पुढे चंद्र तांबूस झालेला माझ्या वर्गातल्या सात-आठ लेकरांनी जागून पाहिला. सोमवारी परिपाठ संपायच्या आतच सहावीतला एक पोरगा उभा राहिला. "मॅडम, पुनव तर दर म्हैन्याला येती. मग गिराण दर म्हैन्याला का येत न्हाई?"

फळ्यावर तीन गोल काढले, रेघा ओढल्या, सावली दाखवली. पोरानं मान हलवली, पण ती मला बरं वाटावं म्हणून हलवलेली मान होती. चोवीस वर्षं शिकवतेय, हे लगेच कळतं. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थेट लातूर गाठलं आणि गंजगोलाईजवळच्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून हे मॉडेल आणलं. दुकानदारानं साडेअठराशे सांगितले, सोळाशेला दिलं. अशी मॉडेलं वेगवेगळ्या नावांनी विकतात, साचा जवळपास एकच असतो, म्हणून नाव सांगत बसत नाही. माझ्यासारखं कुणी शाळेसाठी किंवा घरच्या लेकरांसाठी घ्यायच्या विचारात असेल, तर चार महिन्यांत काय दिसलं ते मोकळेपणानं लिहिते.

पेटीत एक जड बूड, त्यावर पिवळा प्लॅस्टिकचा सूर्य आणि त्याच्या पोटात छोटा एलईडी दिवा, तीन सेलवर चालणारा. सूर्यापासून निघालेला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ८ सेंटिमीटरचा पृथ्वीगोल, आणि पृथ्वीच्या बुडातून निघालेल्या तारेवर दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा चंद्र. चंद्राच्या एका बाजूला डाग छापलेत, दुसरी बाजू कोरी. हँडल फिरवलं की दातेरी चाकं करकरतात आणि सगळं एकदम हलतं: दांडा सूर्याभोवती, पृथ्वी स्वतःभोवती, चंद्र पृथ्वीभोवती. पहिल्यांदा हँडल फिरवलं तेव्हा वर्गात जो "हाऽऽ" झाला, त्यातच माझे निम्मे पैसे वसूल झाले.

दिवा चांगला आहे. खिडक्यांना सतरंज्या लावून वर्ग अंधारा केला की चंद्राचा अर्धा भाग स्वच्छ उजळतो, अर्धा काळा राहतो. पण एक गोष्ट माहितीपत्रकात लिहायला हवी होती. चंद्रकला बाजूनं बघून समजत नाहीत, पृथ्वीवरून बघावं लागतं. बाजूला बसलेल्या लेकराला चंद्र कायम अर्धाच उजळलेला दिसतो आणि ते गोंधळतं. मी पृथ्वीचा गोल खिळ्यावरून काढला, तिथं मोबाइलचा कॅमेरा धरला, आणि चंद्र फिरेल तसा मोबाइल वळवत व्हिडिओ घेतला. बीज, अष्टमी, पौर्णिमा, पुन्हा अष्टमी, अमावस्या, सगळं मोबाइलवर उतरलं. तो व्हिडिओ पालकांच्या गटावर टाकला, तर दोन आयांनी दुसऱ्या दिवशी विचारलं की अमावस्येला चंद्र जातो कुठं हे आम्हाला पण दाखवा.

आता दोषाकडे येते. तिसऱ्या दिवशी चंद्र ढिला झाला. तारेच्या टोकाला तो नुसता दाबून बसवलेला होता, गोंदाचा थेंबही नव्हता. हँडल फिरवलं की चंद्र वाटेल तसा गिरक्या घ्यायचा आणि कोरी बाजू पृथ्वीकडे करायचा. मला राग आला. सोळाशे रुपये साध्या शिक्षिकेच्या खिशातून गेले होते. पण त्याच ढिल्या चंद्रानं मला जे शिकवता आलं, ते घट्ट चंद्रानं जमलं नसतं. हे जरा सविस्तर सांगते, कारण या वस्तूचं खरं मोल इथंच आहे.

चंद्र घट्ट होता, तेव्हा डागांची बाजू कायम पृथ्वीकडे राहायची. हे बरोबरच आहे, खऱ्या चंद्राचंही तसंच आहे. पण लेकरांनी त्यातून उलटाच अर्थ काढला. ग्रहणाचा प्रश्न विचारणाराच पोरगा म्हणाला, "ह्यो चंद्र सोताभोवती फिरतच न्हाई मॅडम. आपल्याकडं त्वांड करून नुस्ता पळायलाय." सगळा वर्ग त्याच्या बाजूनं. पुस्तकात चंद्र स्वतःभोवती फिरतो असं छापलंय, म्हणून पोरं पुस्तकाकडे संशयानं बघायला लागली.

त्या दिवशी एका मुलीचे आजोबा तिचा दाखला न्यायला आले होते. दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "आरं, मेढीचा बैल बगितला न्हाई का तुमी कुणी?" कुणीच नव्हता बघितला. गावात मळणीयंत्र येऊन कितीतरी वर्षं झाली. मग आबांनी खळं समजावून सांगितलं: सारवलेली गोल जागा, मधोमध रोवलेली मेढ, तिला दाव्यानं बांधलेली बैलांची पात, पायाखाली कणसं. आणि मग विचारलं, "बैलाची येकच कूस मेढीकडं आस्ती. बरूबर? पर त्येचं त्वांड? येकदा उगवतीला, येकदा मावळतीला, येकदा तुळजापूरच्या अंगाला. बैल सोता वळल्याबिगर हे हुतंय का?"

मी हातातला खडू खाली ठेवला. इतकं नेमकं मला चोवीस वर्षांत सांगता आलं नव्हतं. मेढीभोवती एक फेरी पुरी होते, तेवढ्यात बैलाचं तोंड चारी दिशांना वळून पुन्हा होतं तिथं येतं. म्हणजे एका फेरीत स्वतःभोवती बरोबर एक गिरकी. चंद्राचं हेच आहे. पृथ्वीभोवतीची फेरी सुमारे २७.३ दिवसांची, स्वतःभोवतीची गिरकीही २७.३ दिवसांचीच. दोन्ही तंतोतंत सारख्या, म्हणून एकच बाजू आपल्याकडे.

मग ढिला चंद्र कामाला आला. "चंद्र खरंच स्वतःभोवती फिरत नसता तर काय दिसलं असतं, ते बघू," असं म्हणून एका मुलीला चंद्र दोन बोटांत धरायला लावला. डाग कायम भारताच्या नकाशाच्या भिंतीकडे ठेवायचे, चंद्र वळू द्यायचा नाही. दुसऱ्यानं हळूहळू हँडल फिरवलं. एका फेरीत पृथ्वीच्या जागेवरून आधी डाग दिसले, मग बाजू, मग कोरी पाठ, मग दुसरी बाजू. वळायचं थांबवल्यावर चंद्राचं सगळं अंग दिसलं. प्रश्न विचारणारा पोरगा स्वतःहून उठला, म्हणाला, "म्हंजे फिरतोय म्हणूनच पाठ दिसंना." वर्गात टाळ्या कुणी वाजवायला लावल्या नाहीत, त्या आपोआप वाजल्या.

नंतर आम्ही पटांगणातल्या लिंबाच्या पाराभोवती हे पायी करून बघितलं. देवळात करणार होतो, पण चंद्राची चाल उत्तरेकडून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट आहे, आणि देवाला उलटी प्रदक्षिणा पोरांना घालायला लावणं मला बरं वाटलं नाही. पार बरा. डावा खांदा झाडाकडे ठेवून चालायचं आणि नाकासमोर काय दिसतं ते मोठ्यानं म्हणायचं: शाळा, टाकी, रस्ता, शेत, पुन्हा शाळा. आरतीनंतर आपण जागच्या जागी गिरकी घेतो तेव्हाही हेच सगळं नाकासमोरून जातं. प्रदक्षिणेत ती गिरकी आपोआप होऊन जाते, आपल्याला जाणवत नाही इतकंच.

म्हणून सांगते, तुमच्या मॉडेलचा चंद्र ढिला झाला तर लगेच गोंद लावू नका. मी तारेला दोऱ्याचे दोन वेढे दिले. हवा तेव्हा घट्ट होतो, हवा तेव्हा बोटानं फिरवता येतो. थोडासा सैल ठेवला तर आणखी एक गोष्ट दाखवता येते. खरा चंद्रही आपल्याकडे किंचित मान हलवत असतो. त्याची कक्षा लंबगोल आहे, जवळ आला की वेगानं पळतो, लांब गेला की रेंगाळतो, पण स्वतःभोवतीची गिरकी मात्र एकसारखीच चालते. त्यामुळे कधी या कडेचं, कधी त्या कडेचं थोडं जास्त दिसतं. अशी सगळी बेरीज केली तर पृथ्वीवरून चंद्राचा ५९ टक्के भाग बघायला मिळतो. उरलेला माणसानं पहिल्यांदा पाहिला तो १९५९ च्या ऑक्टोबरात, लूना ३ या सोव्हिएत यानानं काढलेल्या फोटोंत.

दुसरी मोठी जमेची बाजू मला योगायोगानं सापडली. मॉडेलची चाकं अशी बसवलीत की दांडा सूर्याभोवती एकदा फिरला की बारा पौर्णिमा होतात. मी दोन मुलांना मोजायला बसवलं. एकानं पौर्णिमा मोजायच्या, म्हणजे सूर्य-पृथ्वी-चंद्र रांगेत आणि चंद्र पलीकडे. दुसऱ्यानं नकाशाच्या भिंतीकडे चंद्र किती वेळा येतो ते मोजायचं. वर्षभराची एक फेरी झाली. पहिला म्हणाला बारा, दुसरा म्हणाला तेरा. भांडण लागलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा बारा आणि तेरा. जोडी बदलली, तरी बारा आणि तेरा.

दोघंही खरे होते. चंद्र भिंतीच्या हिशोबानं एक फेरी पुरी करतो, तोवर पृथ्वी सूर्याभोवती सुमारे २७ अंश पुढे सरकलेली असते. पुन्हा पौर्णिमा व्हायला चंद्राला तेवढं जास्तीचं चालावं लागतं, त्यात दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ जातो. म्हणून ताऱ्यांच्या हिशोबानं महिना २७.३ दिवसांचा आणि पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५ दिवसांचा. वर्षभरात नेमकी एक फेरी जास्तीची निघते. आपली नक्षत्रं सत्तावीस का आणि तिथ्या तीस का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे, हे मला स्वतःला तेव्हा पहिल्यांदा पोटातून कळलं.

माहितीपत्रकात मात्र यावर ढळढळीत चूक आहे. "चंद्र २७ दिवसांत स्वतःभोवती व २९ दिवसांत पृथ्वीभोवती फिरतो" असं छापलंय. असं असतं तर चंद्राची पाठ आपल्याला कधीतरी दिसलीच असती. मी ते पान चिकटपट्टीनं झाकून टाकलं. मुलांच्या हातात जाणारा कागद एकदा कुणा जाणत्याकडून वाचून घ्यायला काय हरकत होती?

आम्ही हे आकाशातही ताडून पाहिलं. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री, ६ नोव्हेंबरला, चंद्र कृत्तिकांना अगदी खेटून होता. चंद्र हाताआड धरला की तो पुंजका दिसायचा. ३ डिसेंबरला रात्री उशिरा चंद्र सरकत सरकत पुन्हा कृत्तिकांपाशी आला. मधे सत्तावीस दिवस गेलेले. आणि दत्तजयंतीची पौर्णिमा अजून दुसऱ्या दिवशी यायची होती! मागच्या खेपेला पौर्णिमा आधी आणि कृत्तिका नंतर, या खेपेला कृत्तिका आधी आणि पौर्णिमा नंतर. सातवीच्या दोन मुलींनी वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. त्या वहीवर मी सही केली.

बारा पौर्णिमांचं हे मॉडेल एका ठिकाणी कमी पडतं. बारा चांद्रमासांचे होतात ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरसाल अकरा दिवस मागं राहतात. ते साठत जाऊन साधारण पावणेतीन वर्षांनी धोंड्याचा महिना धरावा लागतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ आहे. चाकं बरोबर बाराची असल्यामुळे हे हँडल फिरवून दाखवता येत नाही. कॅलेंडर भिंतीला लावून तोंडानंच सांगावं लागलं. जावयाला धोंडं खायला बोलावतात ते पोरांना चांगलं ठाऊक होतं, त्याचा चंद्राशी काय संबंध हे मात्र नवीन होतं.

आता ज्या प्रश्नासाठी हे आणलं, त्या ग्रहणाबद्दल. इथं मॉडेल फसवतं, हे घेण्याआधी माहीत असू द्या. चंद्राची तार सपाट आहे, त्यामुळे दर पौर्णिमेला चंद्रग्रहण आणि दर अमावस्येला सूर्यग्रहण. खऱ्या चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. मी तार वाकवून ५ अंशांचा कल दिला, तरी ग्रहण टळेना! आधी वाटलं माझंच काही चुकतंय. मग हिशोब केला. मॉडेलमध्ये चंद्र पृथ्वीपासून ९ सेंटिमीटरवर आहे. पाच अंशांनी तो जेमतेम ८ मिलिमीटर वर-खाली होतो आणि ८ सेंटिमीटरच्या गोलाची सावली त्याला कुठूनही गाठते. दोष कलाचा नाही, अंतराचा आहे. खरा चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे सुमारे तीस पृथ्व्या ओळीनं मांडाव्यात इतक्या लांब. या गोलाच्या मापानं चंद्र २ मीटर ४० सेंटिमीटरवर हवा. आणि सूर्य? तो जवळजवळ एक किलोमीटरवर, आमच्या शाळेपासून थेट फाट्याच्या पलीकडे.

मग पृथ्वीचा गोल आणि चंद्र काढून पटांगणात नेले. सुतळी मोजून दोन मीटर चाळीस. त्या अंतरावर ५ अंशांचा कल म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर, एक वीत. तिथं पृथ्वीची सावली किती रुंद असेल? सहा सेंटिमीटरही नाही, तीन बोटं म्हणा. चंद्र वीतभर वर, वीतभर खाली होत फिरणार आणि सावली मधे तीन बोटांची. हातानं दाखवल्यावर त्या पोराचा चेहरा उजळला. "चुकतच आसंल की वो मग, दर म्हैन्याला!" हो बाळा, बहुतेक महिने चुकतोच. चंद्राची वाट पृथ्वीची वाट जिथं ओलांडते ते दोन बिंदू म्हणजे आपल्याकडचे राहू आणि केतू. पौर्णिमा किंवा अमावस्या त्यांच्याजवळ पडली तरच ग्रहण. ती वेळ साधारण सहा महिन्यांनी येते. म्हणूनच सप्टेंबरच्या ग्रहणानंतर पुढचं खग्रास चंद्रग्रहण ३ मार्च २०२६ ला आहे. आपल्याकडे त्या दिवशी चंद्र उगवतानाच ग्रहण संपत आलेलं असेल, पण शेवटचा तुकडा दिसेल. त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर असणार.

बारीकसारीक तक्रारी: पृथ्वीचा आस एकाच दिशेला ठेवणारा रबरी पट्टा घसरतो, मग ऋतू चुकतात. दर वेळी पट्टा ताणून घ्यावा लागतो. सेल पेटीत नाहीत. पृथ्वी वर्षभरात चाळीसेक वेळाच फिरते, पण ३६५ चं यंत्र या किमतीत कुणी देणार नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आमच्याकडच्या शेतपूजेच्या सणाला, आबांच्या शेतात मला आणि माझ्या लेकरांना जेवायला बोलावलं होतं. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे झाले. भर दुपारी आबांनी नातीला विचारलं, "आज आवस. आत्ता चंद्र कुटं हाय गं?" तिनं वर न बघता हात उचलला आणि सूर्याच्या जरा बाजूला बोट दाखवलं. "तितंच हाय आबा. पाठ उजळलीया त्येची, म्हणून दिसंना." आबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या मेढीच्या बैलाची आठवण काढली.

मोठ्या वर्गाला हे मॉडेल एकट्यानं पुरत नाही. सोबत अडीच मीटर सुतळी, एक अंधारी खोली आणि जमलं तर खळं पाहिलेलं एखादं म्हातारं माणूस हवं. पाचवी ते आठवीसाठी सोळाशेपर्यंत मिळालं तर घ्या, त्याहून जास्त देऊ नका. दुकानातच हँडल दोन-तीन फेऱ्या फिरवून पट्टा घसरतो का ते बघा. सुटा चंद्र मिळत नाही, मी फोन करून विचारलं. हरवू नये म्हणून आमचा चंद्र सुट्टीत खडूच्या डबीत असतो, आणि ती डबी त्या पोराकडे.